नावांच्या गावी

प्रवासास निघावयाचे म्हणजे आधी गाव ठरवावे आणि मग तिकीट काढावे, हा सर्वसामान्य क्रम होय. परंतु २०२३ च्या वैशाखात आम्हांवर असा प्रसंग आला की, गाव ठरले, तिकीटही निघाले, आणि तरी आपण नेमके जाणार कोठे, याविषयी घरात एकवाक्यता होईना. आमचे एक चुलतबंधू, ज्यांस लहानथोर सारेच अण्णा म्हणतात, मराठवाड्याच्या मुख्य शहरी दोन पिढ्या राहतात. त्यांच्या नातवाची मुंज होती. निमंत्रणपत्रिका आली तिच्यावर 'छत्रपती संभाजीनगर' असे ठळक छापलेले. आगगाडीच्या तिकिटावर 'औरंगाबाद'. पत्रिकेच्या पाकिटावर अण्णांनी स्वहस्ते आपला पत्ता घातला होता; त्यात प्रथम 'औरंगाबाद' लिहून, त्यावर काट मारून, शेजारी बारीक अक्षरात 'संभाजीनगर' असे लिहिले होते. आमच्या मातोश्रींनी तिन्ही कागद चष्म्यापुढे धरून पाहिले आणि विचारले, "मुंज एकाच मुलाची आहे ना रे? मग गावे तीन कशी?"

या प्रश्नाचे उत्तर त्या वेळी आम्हांस देता आले नाही. पुढे जे चार-सहा दिवस त्या शहरी काढले, त्यांत जे पाहिले व ऐकले, ते वाचकांपुढे ठेवीत आहोत.

मनमाडहून हैदराबादेकडे जाणारा हा लोहमार्ग निजामाच्या अमलात १९०० साली सुरू झाला. आमच्या वडिलांच्या वेळी त्यावरून अरुंद रुळांची गाडी चाले आणि मनमाडास सामान उतरवून फलाट बदलावा लागे. आता तो त्रास राहिलेला नाही. मनमाड सोडल्यावर प्रदेश हळूहळू उघडा होत जातो. वैशाखातील काळी, भेगाळलेली जमीन, मधूनच एखादे बाभळीचे झाड, आणि शेवटी दौलताबादचा तो सुळक्यासारखा डोंगर दिसला की मंडळी बिछाने गुंडाळू लागतात. स्थानकावर पाटी 'औरंगाबाद' अशीच होती. बाहेर येताच रिक्षावाल्याने विचारले, "किधर जाना, काका?" आम्ही म्हणालो, "औरंगपुरा." तो म्हणाला, "बैठो." गावाचे नाव काय, या वादास त्याच्या व्यवहारात जागाच नव्हती. त्याचे गिऱ्हाईक पेठेचे नाव सांगते, गावाचे नव्हे.

वाटेत उस्मानपुरा लागला. हे नाव निजाम उस्मानअली यांच्या काळाची आठवण देते; आणि याच उस्मानपुऱ्यात संत एकनाथ रंगमंदिर उभे आहे. पुढे क्रांती चौक. त्यास पूर्वी काळा चबुतरा म्हणत, कारण १८५७ च्या उठावातील शिपायांस तेथे देहांत शासन झाले. आता तेथे शिवछत्रपतींचा पुतळा आहे. औरंगपुऱ्याच्या नावातील 'औरंग' अद्याप जागच्या जागी आहे. एका फर्लांगात तीन राजवटी आणि एक संत भेटावेत, आणि त्यांनी एकमेकांस धक्का न लावता उभे राहावे, हे दृश्य पाहून आम्हांस मौज वाटली.

नावांचा इतिहास थोडक्यात सांगावयाचा तर असा. येथे मूळ खडकी नावाचे खेडे होते. १६१० साली निजामशाहीचा वजीर मलिक अंबर याने तेथे आपली राजधानी वसविली. १६२६ साली तो वारल्यावर त्याचा पुत्र फतेखान याने गावास 'फतेनगर' म्हटले. १६५३ साली शाहजादा औरंगजेब दख्खनचा सुभेदार म्हणून दुसऱ्यांदा आला व ते 'औरंगाबाद' झाले. १९८८ साली बाळासाहेब ठाकरे यांनी जाहीर सभेत 'संभाजीनगर' हे नाव उच्चारले. १९९५ साली महानगरपालिकेने तसा ठराव केला, सरकारने अधिसूचना काढली, ती न्यायालयाच्या वाटेला लागली, आणि २००१ साली पुढच्या सरकारने मागे घेतली. २९ जून २०२२ रोजी एका मंत्रिमंडळाने जाता जाता पुनः निर्णय केला. पुढील महिन्यात दुसऱ्या मंत्रिमंडळाने तोच निर्णय 'छत्रपती' हा शब्द जोडून नव्याने केला. आणि २४ फेब्रुवारी २०२३ रोजी केंद्र सरकारची संमती आली. उच्चारापासून संमतीपर्यंत पस्तीस वर्षे लागली. त्या सभेच्या वर्षी जन्मलेले मूल आता स्वतःच्या मुलाची मुंज करीत आहे, आणि वस्तुतः अण्णांच्या घरी तेच चालले होते.

घरात शिरताच ध्यानात आले की, पत्रिकेवरील नाव हे सहज छापले गेलेले नाही. बटूचा पिता म्हणाला, "काका, ज्या बादशहाने १६८९ साली शंभूराजांचे हाल हाल करून प्राण घेतले, त्याचे नाव माझ्या मुलाच्या मुंजीच्या पत्रिकेवर मी घालू?" या प्रश्नास उत्तर नव्हते, आणि आम्ही ते देऊही इच्छीत नव्हतो. त्यावर अण्णा म्हणाले, "मी या गावी जन्मलो, सरस्वती भुवनात शिकलो. निजामाच्या राज्यात मराठी शाळा चालविणे किती कठीण होते, ते माझ्या वडिलांनी पाहिले. १७ सप्टेंबर १९४८ रोजी हे संस्थान मुक्त झाले, तेव्हा त्यांनी घरावर तिरंगा लावला. त्या दिवशी गावाचे नाव औरंगाबादच होते, आणि आम्हांस ते आमचे वाटत होते. बादशहाचे म्हणून नव्हे, आमचे म्हणून." दोघेही खरे बोलत होते. अशा वेळी एकत्र कुटुंबात जे होते तेच झाले. पत्रिकेवर मुलाचे चालले, पाकिटावर बापाने आपले लिहून खोडले.

परंतु त्या घरी सर्वांत मोठा अधिकार काकूंचा. त्या अण्णांच्या मातोश्री, वय नव्वदीच्या घरात. स्वयंपाकघरात त्यांच्या पाटाच्या वर भिंतीवर कालदर्शिका टांगलेली असते. तीवर एकादशीस तांबड्या पेन्सिलीचे वर्तुळ, संकष्टीस तांबडे वर्तुळ, आणि दर सहा-सात दिवसांनी एका तारखेस निळे वर्तुळ आम्ही पाहिले. हे कोणते व्रत म्हणून विचारता काकू म्हणाल्या, "तो पाण्याचा दिवस."

ज्यांस रोज नळ उघडण्याची सवय आहे, त्यांस याचा अर्थ समजावून सांगणे अवघड आहे. पाण्याचा दिवस म्हणजे त्या घरचा सण. पहाटे उठून हौद धुवावयाचा, टाक्या, पिंपे, हंडे, घागरी मांडावयाच्या, एकाने नळापाशी बसावयाचे, दुसऱ्याने गच्चीवर लक्ष ठेवावयाचे. त्या दिवशी पाहुण्यास 'या' म्हणतात. आदल्या दिवशी 'पुढच्या आठवड्यात या' म्हणतात. उपाध्यायांनी मुंजीचे दोन मुहूर्त काढून दिले होते. काकूंनी कालदर्शिकेपुढे उभे राहून त्यांतला दुसरा निवडला, कारण तो निळ्या वर्तुळाच्या दुसऱ्या दिवशी येत होता. गुरुबळ उपाध्यायांनी पाहिले, जलबळ काकूंनी.

आता यातील विचित्र गोष्ट अशी की, या शहरापासून सुमारे ५० किलोमीटरांवर पैठण येथे गोदावरीवर जायकवाडीचे धरण आहे. १९६५ साली लालबहादूर शास्त्री यांच्या हस्ते त्याची पायाभरणी झाली आणि १९७६ साली इंदिरा गांधींच्या हस्ते ते राष्ट्रास अर्पण झाले. त्याच्या नाथसागर जलाशयाची धारणशक्ती सुमारे १०२ अब्ज घनफूट. महाराष्ट्रातील मोठ्या जलाशयांत त्याची गणना होते. परंतु शहर उंचावर आणि नदी खाली. म्हणून पाणी पंपाने चढवून आणावे लागते. नळ जुने झाले, वस्ती अनेक पटींनी वाढली, आणि तहान योजनेच्या पुढे धावू लागली. योजनेवर योजना होतात, पायाभरणीचे नारळ फुटतात, आणि काकू निळी पेन्सिल तासतात.

दुसऱ्या दिवशी सायंकाळी आम्ही पाणचक्की पाहावयास गेलो. बाबा शाह मुसाफिर या सूफी साधूच्या दर्ग्यापाशी अठराव्या शतकात ही चक्की बांधली गेली. दूरच्या डोंगरातील झऱ्याचे पाणी मातीच्या नळांतून आणून, उंच भिंतीवर चढवून, तेथून खाली सोडावयाचे. त्याच्या वेगाने लोखंडी पाते फिरावयाचे, पात्याने जाते फिरावयाचे, आणि पीठ फकिरांच्या व गोरगरिबांच्या मुखी जावयाचे, अशी ही रचना. तेथील विस्तीर्ण हौदाचा तळ म्हणजेच खालच्या दालनाचे छत. कडक उन्हाळ्यात त्या दालनात उभे राहावे आणि डोक्यावर पाणी आहे या कल्पनेनेच थंडावा वाटावा.

परंतु या शहराच्या पाण्याचा खरा कर्ता मलिक अंबर. हा मूळचा हबशी. लहानपणी गुलाम म्हणून विकला गेला, हातोहात फिरत दख्खनेत आला आणि निजामशाहीचा कर्ता पुरुष झाला. मोगलांस त्याने वर्षानुवर्षे दाद दिली नाही. १६२४ साली भातवडीच्या लढाईत शहाजीराजे त्याच्या बाजूने लढले. या पुरुषाने नवी राजधानी वसविताना आधी पाण्याचा विचार केला. शहराच्या उत्तरेकडील डोंगराच्या पायथ्याशी भूगर्भातील पाणी गोळा करून, जमिनीच्या उताराचा हिशेब बांधून, भुयारी नहर खोदून त्याने ते वस्तीत खेळविले. पंप नाही, इंजिन नाही, बैलसुद्धा नाही. केवळ उतार. हीच नहर-ए-अंबरी. तिने आणि तिच्यामागून झालेल्या नहरांनी कित्येक पिढ्या शहराची तहान भागविली. पुढे नवे नळ आले, नहरांकडे दुर्लक्ष झाले, कोठे त्यांवर घरे उठली, कोठे त्या बुजल्या.

तेथे बसल्या बसल्या एक गोष्ट मनात आली. या गावास आजवर पाच नावे झाली. खेड्याचे, मुलाने दिलेले, बादशहाचे, आणि आता शंभूराजांचे, प्रथम नुसते व मग पदवीसह. ज्याने गाव वसविले त्याचे नाव त्यांत कोठेच नाही. त्याने स्वतः ते दिले नाही, इतरांस ते सुचले नाही. त्याचे नाव राहिले ते फक्त पाण्यास. आणि आम्हांस वाटते, तो या व्यवहारात ठकला नाही.

नाव देणे हे सत्तेच्या हाती असते. ते टिकविणे मात्र नसते. औरंगजेबानेच १७०० साली साताऱ्याचा किल्ला घेऊन त्यास 'आजमतारा' म्हटले, आणि १७०३ साली पुण्यास 'मुहियाबाद' केले. आज पुण्यातील किती जणांस आपण मुहियाबादकर असल्याचे ठाऊक आहे? अंबाजोगाईस निजामी अमलात मोमिनाबाद म्हणत; आईच्या भक्तांनी तो शब्द सोडून दिला. लोकांच्या जिभेला जे रुचले ते राहिले. उलट मकबऱ्याची गोष्ट पाहावी. तेथे जिची समाधी आहे ती दिलरसबानू बेगम, औरंगजेबाची पत्नी. तिला 'राबिया-उद्-दौरानी' अशी भारदस्त पदवी मिळाली. परंतु लोक साडेतीनशे वर्षे म्हणत आले 'बीबी', म्हणजे बाईसाहेब. नाव गेले, पदवीही गेली, मान तेवढा राहिला. त्या इमारतीत संगमरवर खालच्या पट्ट्यास व घुमटास; मधला भाग चुन्याच्या गिलाव्याचा. आमच्या मंडळींनी तो पाहून म्हटले, "काठ जरीचा आणि पोत साधे, संसार कळत होता हो यांना."

मुंजीच्या आदल्या दिवशी निळे वर्तुळ उगवले, आणि पाणी आले नाही. कोठेतरी मोठा नळ फुटला होता. दुपारपर्यंत वाट पाहिली. घरात साठ माणसे, हौदात वीतभर पाणी, दुसऱ्या दिवशी मातृभोजन. टँकरवाल्यांस दूरध्वनी केले. सगळ्या गावानेच केले असल्यामुळे कोणी उचलीना. बटूचे पिता डोक्यास हात लावून ओट्यावर बसले.

अण्णांच्या परसाच्या भिंतीपलीकडे गणिताचे एक निवृत्त शिक्षक राहतात. धर्माने मुसलमान, अण्णांचे चाळीस वर्षांचे बुद्धिबळातले प्रतिस्पर्धी. त्यांस सगळे मास्तर म्हणतात. आदल्या रात्री ओट्यावर त्यांच्याशी आमचे बोलणे झाले होते. नामांतराविषयी विचारता ते थोडा वेळ थांबले आणि शुद्ध मराठीत म्हणाले, "माझ्या खरेदीखतावर एक नाव, आधारपत्रावर एक नाव, उद्या तिसऱ्या कागदावर दुसरे येईल. त्याचे काही नाही. औरंगजेब माझा कोणी नव्हे. परंतु गावाचे नाव बदलताना मला कोणी विचारले नाही, एवढे मनात राहते." त्यावर काही बोलावे असे आम्हांस सुचले नाही.

हेच मास्तर त्या दुपारी भिंतीपाशी आले आणि अण्णांस म्हणाले, "माझा हौद भरलेला आहे. पाइप टाका." पाइप भिंतीवरून आला. पुरुषमंडळी हर्षित झाली. परंतु स्वयंपाकघराच्या दारात काकू उभ्या होत्या. पाइपाचे तोंड त्यांच्या हंड्यावर होते. वाचकांस सांगावयास नको की, नव्वदीच्या, सोवळ्यात वाढलेल्या, विटाळचांडाळ पाळलेल्या बाईस हा क्षण किती मोठा. त्यांच्या आईने असे पाणी अंगणातसुद्धा येऊ दिले नसते. कोणी काही बोलेना. काकूंनी भिंतीपलीकडे पाहून विचारले, "मास्तर, तुमच्या घरचे काय?" "आमचे आठवडाभर भागेल, काकू." "मग सोडा पाणी. गोदावरीचेच आहे." आणि त्या हंडा सरळ करून बसल्या.

मुंज यथासांग झाली. मास्तर भिक्षावळीस आले आणि बटूच्या झोळीत त्यांनी एक गणिताचे पुस्तक घातले.

या प्रसंगाने सर्व वाद मिटले, असे आम्ही म्हणणार नाही. तसे ते मिटत नाहीत. याच शहरातील विद्यापीठाचे उदाहरण घ्यावे. १९५८ साली स्थापन झालेल्या मराठवाडा विद्यापीठास डॉ. आंबेडकरांचे नाव द्यावे, असा ठराव १९७८ साली विधिमंडळाने केला. ज्या आंबेडकरांनी १९५० साली येथे महाविद्यालय काढून शिक्षणाची दारे उघडली, त्यांचे नाव घेण्यास सोळा वर्षे लागली. १४ जानेवारी १९९४ रोजी 'डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठ' असा नामविस्तार झाला. मधल्या काळात खेड्यापाड्यांतून दलितांची घरे जळली, माणसे मारली गेली. त्या वेळी आमच्यासारख्या सुशिक्षित घरांतून 'नावात काय आहे?' असा शहाणा प्रश्न पुष्कळ विचारला गेला. नावात काही नसते, असे त्यालाच म्हणता येते, ज्याचे नाव कधी कोणी पुसलेले नाही. म्हणून नाव ही क्षुल्लक गोष्ट आहे, असे आम्ही कोणासही सांगणार नाही. बटूच्या पित्यास नाही, मास्तरांस नाही. तक्रार एवढीच की, नावाने पाण्याचे काम होते, असे लोकांस भासविले जाते. आणि लोकही पस्तीस वर्षे एका पाटीसाठी जितके तळमळतात, तितके एका नळासाठी तळमळत नाहीत.

परतण्यापूर्वी काकूंच्या इच्छेवरून सर्व मंडळी पैठणास गेलो. धरणाच्या भिंतीवरून नाथसागर पाहिला. वैशाखातही क्षितिजापर्यंत पाणी. काकू बराच वेळ पाहत उभ्या राहिल्या. आठवड्यातून एकदा येणाऱ्या पाहुण्याचे घर पाहावे तशा. मग नाथांच्या वाड्यात जाऊन दर्शन घेतले. भगवंताने श्रीखंड्या होऊन ज्या रांजणात पाणी भरले म्हणतात, तो रांजण तेथे आहे. तेथे कोणी पाणी वाहिले यापेक्षा ते कोणासाठी वाहिले हे नाथांनी अधिक पाहिले असेल. रामेश्वरास न्यावयाची कावड त्यांनी वाळवंटात तडफडणाऱ्या गाढवाच्या मुखी ओतली, ही कथा आपण सर्वांनी आजीच्या मांडीवर ऐकली आहे. त्या गाढवाचे नाव, गाव, जात कोणी विचारल्याचे कथेत नाही.

यानंतरचे थोडे सांगून लेख संपवितो. २०२४ च्या मे महिन्यात उच्च न्यायालयाने नामांतराविरुद्धचे अर्ज फेटाळले. त्याच महिन्यात अण्णांनी मतदान केले, ते 'औरंगाबाद' लोकसभा मतदारसंघात. मतदारसंघाचे नाव बदलले नव्हते. २०२५ च्या ऑक्टोबरात रेल्वे स्थानकाची पाटीही बदलली. त्यानंतर अण्णांचे पत्र आले. पाकिटावर 'छत्रपती संभाजीनगर' असे एका ओळीत, खाडाखोड न करता लिहिले होते. आत मजकूर होता: सर्व क्षेम. मास्तरांनी काल वजीर मारला. काकूंनी नव्या वर्षाची कालदर्शिका आणवली आहे, व निळी पेन्सिल संपली म्हणून नवी मागितली आहे.